बाप गेला, पोरीची शाळा जाऊ देऊ नका

जून लागला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या दारात या महिन्यात दोन खर्च एकदम येऊन उभे राहतात. एक बियाणं-खताचा, दुसरा पोरांच्या शाळेचा. उन्हाच्या तडाख्यामुळे आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, नेमक्या पेरणीच्या घाईत. बाप असलेल्या घरात ओढाताण करून का होईना, दोन्ही निभतं. पण ज्या घरातल्या बापानं गेल्या हंगामात आपला जीव दिला, त्या घरात एक खर्च सोडून द्यावा लागतो. वावर पडीक ठेवता येत नाही. मुलाची शाळा सोडवायला मन धजत नाही. उरते पोरगी.

असं घर तुमच्या गावात आहे. तुमच्या गावात नसेल तर शेजारच्या गावात आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांत 2001 पासून वीस हजारांहून जास्त शेतकरी आत्महत्यांची नोंद सरकारदरबारी आहे. हा आकडा आपण इतक्यांदा ऐकला की आता तो मनापर्यंत पोचत नाही. आज तो बाजूला ठेवा. दर्यापूर, तेल्हारा, नांदगाव खंडेश्वर, बार्शीटाकळी, कुठल्याही तालुक्यातलं एकच घर डोळ्यांपुढे आणा. त्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाहा. नववी पास झालेली, किंवा दहावीचा निकाल हातात असलेली. तिला नर्स व्हायचं होतं. किंवा पोलीस भरतीसाठी ती पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होती. किंवा तिला नुसतं अमरावतीच्या कॉलेजात जायचं होतं, आणि तेवढंच तिच्यासाठी खूप होतं.

तिची शाळा कशी सुटते ते नीट पाहा. अफगाणिस्तानात 2021 पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद आहे. तिथे हुकूम निघाला, म्हणून साऱ्या जगाला तो दिसला. आपल्या गावात हुकूम कोणी काढत नाही. पहिला महिना ती आईला सोबत म्हणून घरी राहते. आई निंदणाला जायला लागली की धाकट्या भावाजवळ थांबते. मग आईच्या जोडीनं तीही निंदणाला जाते, आणि पुढे कापूस वेचायला. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा राहून जातो. उन्हाळ्यात एखादं स्थळ येतं. या सगळ्यात कोणी वाईट वागलेलं नसतं. काका मदतच करत असतो, मामा चांगलंच चिंतत असतो, आई रात्री एकटी रडत असते. कोणीच न थांबवता शाळा थांबलेली असते.

पण हुकूम नाही यातच तुमच्या-माझ्यासाठी वाट आहे. रद्द करून घ्यायला कुठला हुकूमच नाही, म्हणून त्यासाठी कोणापुढे उपोषणाला बसावं लागत नाही. योग्य वेळी कोणीतरी मध्ये बोलावं लागतं. तुम्ही बोला. शेजारी असाल तर शेजारी म्हणून बोला, गुरुजी असाल तर गुरुजी म्हणून, मावशी, आत्या, मामा असाल तर हक्कानं बोला. शाळा उघडायच्या आधी बोला. ऑगस्टमध्ये बोललात तर उशीर झालेला असेल.

दहावी झालेल्या मुलीचा प्रश्न तर आजचाच आहे. 2025 पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. घरातला मोबाइल बापाचा होता. त्याच्या नंबरवर ओटीपी येणार, आणि तो नंबर रिचार्जविना बंद पडलेला. आईला अर्जाचं काही कळत नाही. सेतू केंद्रापर्यंत जायला सोबत नाही. मुदत निघून जाते आणि घरात कोणाला समजतही नाही.

तुमचा मोबाइल घेऊन तिच्या घरी जा. तिच्याजवळ बसून अर्ज भरा. कॉलेजांची पसंती टाकताना नावापेक्षा रस्ता पाहा. एसटी जाते ते कॉलेज आधी टाका. गुणांच्या मोहात दूरचं नाव वर टाकलं आणि तेच लागलं, तर ती एकही दिवस तिथे जाणार नाही. अर्ज भरून झाला की प्रत काढून तिच्या हातात द्या. पुढच्या फेरीची तारीख तुमच्याच मोबाइलमध्ये लावून ठेवा. तिच्या आईवर आज तारखा लक्षात ठेवायचं ओझं टाकू नका.

एसटीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबून बोलतो. आपल्याकडे आठवीपासून पुढच्या शाळेसाठी मुलीला बहुधा दुसऱ्या गावी जावं लागतं. 2021च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि 2022च्या एप्रिलपर्यंत गाडी धड धावली नाही. त्याआधी कोरोनानं शाळा बंदच होत्या. त्या दोन वर्षांत घरी बसलेल्या कितीतरी मुली पुन्हा वर्गात आल्या नाहीत, हे कोणत्याही खेड्यातल्या शाळेचे गुरुजी तुम्हाला सांगतील. एक गाडी बंद पडली की मुलाला मोटरसायकल मिळते, मुलीला घर मिळतं. आणि बाप नसलेल्या मुलीला सकाळी फाट्यापर्यंत सोडायलाही कोणी नसतं.

गाडी आहे, सवलत आहे, ती तिच्यापर्यंत पोचवा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत, आणि शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर आठवी ते बारावीच्या गरजू मुलीला सायकल मिळते. तिच्या शाळेत जाऊन विचारा, यादीत तिचं नाव आहे का. गाडीची फेरी रद्द होत असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या आणि आगारप्रमुखांकडे लेखी द्या. फाट्यापर्यंतचा रस्ता सुनसान असेल तर गावातल्या चार मुलींना एकत्र जायला सांगा, आणि पहिले काही दिवस तुमच्या घरातलं कोणीतरी सोबत जाऊ द्या.

आता पैशाचं. आत्महत्या झाली की तलाठी येतो, पंचनामा होतो, कागद तहसीलला आणि तिथून जिल्हा समितीपुढे जातो. प्रकरण पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ही रक्कम 2006 साली ठरली, आणि तेव्हापासून बियाण्याचे, खताचे, दवाखान्याचे भाव कुठल्या कुठे गेले ते तुम्हीच पाहता. पुष्कळ प्रकरणं तर अपात्रच ठरतात. वावर ठोक्यानं केलेलं होतं, किंवा कर्ज बिनपरवाना सावकाराचं होतं, कागदावर नव्हतं. घरातला माणूस गेला तो गेलाच, वरून शिक्का बसला अपात्र. त्या शिक्क्यापुढे आई हात टेकते. तिला वाटतं, आता आपल्याला काहीच नाही.

हे खरं नाही, आणि हे तिला आज कोणीतरी सांगायला हवं. मुलीच्या शिक्षणाची मदत या पात्र-अपात्रावर अडलेली नाही. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. बाप कशानं गेला हे तिथे आड येत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, आदेश बालकल्याण समिती करते. आईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, महिन्याला 1,500 रुपयांची. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये मिळतात. लागणारे कागद असे: मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मुलीचं शाळेचं बोनाफाईड.

हे कागद गोळा करायला आईला तीनदा तालुक्याला आणि दोनदा जिल्ह्याला जावं लागेल. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडेल. म्हणून नुसती योजनेची माहिती देऊन घरी परतू नका. तिच्यासोबत जा. खिडकीवर तिच्या बाजूला उभे राहा. साहेब उद्या या म्हणाले तर उद्याची तारीख लिहून घ्या. तुमच्या एका दिवसानं त्या मुलीचं वर्षभराचं वह्या-पुस्तक, गणवेश, परीक्षेची फी निघणार आहे.

बारावीनंतरही दार बंद नाही. जुलै 2024च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. नर्स व्हायचं स्वप्न फीमुळे मोडायचं आता कारण नाही. ते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मोडतं, म्हणून आत्ताची दोन वर्षं सांभाळा.

पैशापेक्षाही खोल गेलेली एक गोष्ट आहे. तिच्याकडे आपण पाहतच नाही. तेराव्याला आलेली माणसं हळू आवाजात बोलतात, "पोरगी लग्नाची झाली होती ना, त्याचंच टेन्शन होतं त्याले." मुलगी आतल्या घरात पाण्याचे पेले भरत असते. ती ते ऐकते. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच चालतं: मी नसते तर बाबा राहिले असते. ती कोणाला सांगत नाही. आईला तर नाहीच नाही. पुढे काही महिन्यांनी ती स्वतःच म्हणते, "मले नाही शिकाचं." आणि आपण मोकळे होतो. पाहा, तिलाच नको आहे. ती स्वतःला शिक्षा करून घेत असते, आणि आपण त्या शिक्षेला तिची मर्जी समजतो.

ते बोलणं बंद करा. कुठल्याही तेराव्याला, कुठल्याही पारावर, पोरीच्या लग्नाचा विषय काढू नका. दुसऱ्यानं काढला तर त्याला तिथेच थांबवा. आणि त्या मुलीजवळ बसून तिला खरं सांगा, कारण तिला ते कोणीच सांगितलेलं नाही. एका कारणानं कोणी जीव देत नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं पराटी खाल्ली, 2023 साली सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारं लागतं, ओलीत होत नाही, एकाच पावसाच्या पिकावर सारं वर्ष काढावं लागतं आणि ते गेलं की सगळंच जातं. भाव पडला, कर्ज थकलं, मन आजारी पडलं, आणि मनाच्या आजारालाही डॉक्टर असतो हे त्या माणसाला कोणी सांगितलं नाही. यात तिचा काय दोष? हे तिला एकदा सांगून भागणार नाही. दोनदा सांगा, दहादा सांगा. बाबांच्या चांगल्या आठवणी तिच्याशी काढा. त्यांचं नाव घरात घ्यायला घाबरू नका. मात्र ते कसे गेले, काय दिसलं, कोणी पाहिलं, हे तिला कधीही विचारू नका.

तिच्याकडे लक्ष ठेवा. झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, पोट दुखतं म्हणून शाळा टाळत असेल, आईला वावरातून यायला उशीर झाला की घाबरीघुबरी होत असेल, तर ते नाटक नाही, दुखणं आहे. टेली-मानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या मदतवाहिनीचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तिच्या वहीवर लिहून द्या, तिच्या आईलाही द्या, कारण त्या माउलीच्या मनावरही तेच ओझं आहे. आरोग्य विभागाच्या प्रेरणा प्रकल्पाबद्दल गावातल्या आशाताईला विचारा. अमरावतीला इर्विन रुग्णालयात आणि अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात मनाचे डॉक्टर भेटतात. "मला जगायचं नाही" असं तिच्या तोंडून एकदा जरी आलं, तरी तिला एकटी सोडू नका आणि उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी घेऊन जा. दवाखान्यात नेलं तर लोक काय म्हणतील, हा विचार या घरानं एकदा करून झाला आहे. त्याची किंमत त्यांनी भरली आहे.

गुरुजी, बाई, तुमच्याशी वेगळं बोलतो. तिच्यासाठी वर्ग हीच आता एकमेव जागा आहे जिथे ती बिचारी नाही, इतरांसारखीच विद्यार्थिनी आहे. तिला सगळ्यांपुढे उभी करून मदतीचं दप्तर देऊ नका, फोटो काढू नका. तिला फळ्यावर गणित सोडवायला बोलवा, ती चुकली तर इतरांसारखीच दुरुस्त करा. सलग तीन दिवस आली नाही तर चौथ्या दिवशी तिच्या घरी जा. कोणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं तर लगेच लिहून देऊ नका. कुठे शिकणार ते विचारा, त्या शाळेचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही तर तिथेच बसवून बोला.

कारण दाखला निघाल्यावर पुढे बहुधा लग्न असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21च्या फेरीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातल्या एकीहून जास्त. बाप गेलेल्या घरात नातेवाइकांना घाई असते. एक तोंड कमी होईल, आईची काळजी मिटेल, हुंडा नको म्हणतात, मुलगा चांगला आहे. सगळं मायेपोटी बोललेलं असतं. पण सोळाव्या वर्षी सासरी गेलेली मुलगी सतराव्या वर्षी बाळंत होते. बापाचं दुःख तिच्या मनात तसंच असतं, अंगात रक्त नसतं, हातात शिक्षण नसतं. आणि तिचा नवराही कोरडवाहू शेतकरीच असतो. हे चक्र नवं नाही. 2006 साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले 2,177 कोटी सिंचनासाठी होते, बाकीचा मोठा हिस्सा कर्ज नि व्याजाकडे गेला. त्या वर्षी बाप गमावलेली सात वर्षांची मुलगी आता पंचविशी ओलांडून गेली आहे. तिचं लग्न सतराव्या वर्षी झालं असेल तर आज तिची स्वतःची मुलगी शाळेत आहे. ते दुःख आणखी एका पिढीत उतरू द्यायचं का?

अठराच्या आत लग्न ठरल्याचं कळलं तर गप्प बसू नका. आधी घरी जा, प्रेमानं बोला, आईला सांगा की शाळेचा खर्च कसा निघेल. नाही ऐकलं तर ग्रामसेवकाला सांगा. 2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच आहे, आणि अंगणवाडीताई त्याला मदत करते. किंवा 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा. तुमचं नाव बाहेर येत नाही. वैर येईल म्हणून भिऊ नका. लग्न थांबवलं म्हणून काही दिवस बोलणं बंद होईल. तेवढं सोसा.

पुण्यात, मुंबईत, नागपुरात, परदेशात असलेल्या वऱ्हाडी माणसांनो, तुमचंही इथे काम आहे. तुम्ही शिकलात ते कुठल्या तरी संस्थेच्या शाळेत, कुठल्या तरी वसतिगृहात राहून. पापळसारख्या खेड्यातून निघालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या पोरांसाठी वसतिगृह काढलं आणि 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा इथला कुणबी, माळी, तेली, महार पोरगा शिकेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली तपोवन उभारलं आणि ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं त्या कुष्ठरोग्यांना औषध, काम आणि सन्मान दिला. दुखऱ्या माणसाला बरं करायचं आणि हाताला बळ द्यायचं, हे या मातीत आधी झालं आहे. तुमच्याकडून कोणी संस्था मागत नाही. तुमच्या गावच्या एका मुलीच्या मेसचे पैसे दर महिन्याला पाठवा. एकदाच मोठी रक्कम देऊन विसरू नका, थोडी द्या पण बारावी होईस्तोवर द्या. रविवारी तिला फोन करा आणि अभ्यासाचं विचारा. गावी आलात की तिच्या घरी चहा प्या.

काही जण म्हणतील, मुळात शेतमालाला भाव द्या, कर्ज माफ करा, ओलिताची सोय करा, मग बापच मरणार नाही. बरोबर आहे. त्यासाठी भांडा, मोर्चात जा, आमदारांना जाब विचारा. मीही तुमच्यासोबत आहे. पण ती लढाई पुढच्या वीस दिवसांत संपत नाही, आणि शाळा पुढच्या वीस दिवसांत उघडते.

आज संध्याकाळी तिच्या घरी जा. पुढच्या आठवड्यात नाही, पाऊस पडल्यावर नाही, आज. तिच्या आईला तीन गोष्टी विचारा: पोरीचं नाव शाळेत आहे का, बालसंगोपनाचा अर्ज भरला का, आणि रात्री ती झोपते का. एकाचंही उत्तर "नाही" आलं, तर उद्याची तुमची कामं पुढे ढकला आणि तिच्यासोबत तालुक्याला निघा.